विचारणारा निनावी, उत्तर देणारा जबाबदार

मुंबईत आज कंडोमचे पाकीट किंवा तातडीची गर्भनिरोधक गोळी मोबाइलवरून मागवली, तर ती पंधरा-वीस मिनिटांत दारात येते. पिशवी बंद असते, आणणारा मुलगा घाईत असतो आणि शेजाऱ्यांना वाटते की दूध किंवा ब्रेड आला असेल. ही सोय वाईट आहे असे मला मुळीच वाटत नाही. औषधाच्या दुकानात काउंटरपाशी चार-पाच गिऱ्हाइके उभी असताना खालच्या आवाजात 'ते द्या' म्हणण्याची नामुष्की ज्यांनी सोसली आहे, त्यांना तिची किंमत ठाऊक आहे. पण ही गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत आणि जितकी लवकर घेता येईल तितकी लवकर घ्यायची असते. ती गर्भपाताची गोळी नव्हे. गर्भ आधीच राहिला असेल तर तिचा उपयोग नाही. गुप्तरोगांपासून किंवा एचआयव्हीपासून तिने कोणतेही संरक्षण मिळत नाही. हे समजावून सांगणारे माणूस त्या पिशवीबरोबर येत नाही. खोक्यातल्या घडीच्या कागदावर यातले बरेचसे बारीक इंग्रजीत छापलेले असते आणि तो कागद बहुधा खोक्याबरोबरच लपवून फेकून दिला जातो.

तेव्हा तरुण मुलामुलींच्या लैंगिक आरोग्यासाठी तंत्रज्ञान वापरावे की वापरू नये, हा वाद आता शिळा झाला आहे. विकणाऱ्यांनी ते केव्हाच वापरायला घेतले, फसवणाऱ्यांनी तर त्यांच्याही आधी. मागे राहिल्या त्या शाळा, महापालिका आणि सरकार, म्हणजे ज्यांना या मुलांकडून काही विकत घ्यायला लावायचे नाही अशा संस्था. त्यांनी या क्षेत्रात उतरावे असे म्हणणाऱ्यांत मीही आहे; मात्र ॲप असो, चॅटबॉट असो की हेल्पलाइन, तिला एक कसोटी लावल्याखेरीज तिच्यावर पैसा खर्च करू नये असे माझे म्हणणे आहे. विचारणारा निनावी राहतो का आणि उत्तर देणारा नावानिशी जबाबदार असतो का, ही ती कसोटी.

मुंबईला ही कसोटी नवी नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली याच शहरात संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले, ते १९५३ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत चालू राहिले. त्या काळचे तंत्रज्ञान म्हणजे छापखाना आणि टपाल. वाचक आपल्या शंका पत्राने कळवत आणि कर्वे त्यांची उत्तरे छापत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. लोकांना लैंगिक विषयांवर प्रश्न पडत असतील तर त्यांना उत्तरे मिळाली पाहिजेत, असा बचावाचा रोख होता. ते खटला हरले आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. या प्रकरणात मला महत्त्वाचे वाटते ते हे की शिक्षा उत्तर देणाऱ्याला झाली, प्रश्न विचारणाऱ्यांना न्यायालयात कोणी ओढले नाही. पुढे २००५ पासून डॉ. महिंदर वत्स यांनी 'मुंबई मिरर'मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे देणारे सदर वयाच्या नव्वदीनंतरही चालवले, तेव्हाही मांडणी तीच होती. प्रश्नाखाली नाव नसे, उत्तराखाली मात्र एका डॉक्टरचे नाव आणि त्याची आयुष्यभराची पत असे. चुकीचा सल्ला दिला तर कोणाला जाब विचारायचा हे शहराला माहीत होते.

आजच्या फोनने ही मांडणी नेमकी उलटी करून टाकली आहे. विचारणाऱ्याचा मोबाइल क्रमांक, ठावठिकाणा, आधीचे शोध, रात्री किती वाजता काय पाहिले, सगळे कुठेतरी नोंदले जाते; उत्तर देणाऱ्याचा पत्ता मात्र लागत नाही. पाळीच्या तारखा नोंदवणारे 'फ्लो' हे ॲप कोट्यवधी स्त्रिया वापरतात. वापरणाऱ्यांची आरोग्याबद्दलची माहिती खासगी ठेवण्याचे आश्वासन देऊन ती फेसबुक आणि गूगलसारख्या कंपन्यांना पुरवल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ साली या कंपनीशी तडजोड करून तिच्यावर अटी घातल्या. समलिंगी पुरुषांमध्ये लोकप्रिय असलेले 'ग्राइंडर' हे ॲप सदस्यांनी लिहिलेली स्वतःची एचआयव्हीची स्थिती बाहेरच्या कंपन्यांकडे पाठवत होते, हे २०१८ साली उघडकीला आले. या दोन्ही कंपन्या परदेशी आहेत, तपासही तिकडेच झाले. पण ही ॲप्स अंधेरीत आणि डोंबिवलीतही उतरवली जातात. आपल्याकडे तसा तपास करणारी यंत्रणा आत्ता कुठे उभी राहते आहे.

आणि उत्तर देणारे कोण? लोकलच्या डब्यात दाराशेजारी चिकटवलेली 'गुप्तरोग, स्वप्नदोष, नपुंसकता, शर्तिया इलाज' अशी चिठ्ठी पाहिली नाही असा मुंबईकर विरळा. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने अशा जाहिरातींना बंदी आहे, म्हणजे सत्तर वर्षे ही बंदी आहे आणि सत्तर वर्षे चिठ्ठ्या आहेत. तीच चिठ्ठी आता फोनवर आली असून तिथे ती अधिक हुशार झाली आहे, कारण कोणाला दाखवायची हे तिला कळते. पंधरा वर्षांच्या मुलाने झोपेत वीर्य जाण्याबद्दल एकदा काही शोधले, की पुढचे कित्येक दिवस त्याला 'कमजोरी'वरची चूर्णे दिसत राहतात. झोपेत वीर्य जाणे ही वयात येण्याची साधी खूण आहे, त्यावर औषध लागत नाही, एवढे एक वाक्य त्याला शाळेत कोणी सांगितले असते तर त्या चूर्णाचे गिऱ्हाईक कमी झाले असते.

शाळेने ते का सांगितले नाही याला इतिहास आहे. केंद्राचा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम राज्यात येऊ घातला, तेव्हा २००७ साली विधिमंडळात गदारोळ झाला आणि सरकारने शाळांमधल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली. त्यानंतर विषय पूर्ण संपला असे नाही, वेगवेगळ्या नावांनी त्याचे तुकडे परत आले. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात आज मानवी प्रजनन संस्था आहे, मासिक पाळीचे चक्र आहे, इतकेच काय, काचनलिकेतील फलन आणि भाड्याचे गर्भाशयही आहे. पाठ्यपुस्तक म्हणून तो धडा वाईट नाही. पण तो अनेक वर्गांत कसा शिकवला जातो हे शिक्षकांना विचारा: आकृती फळ्यावर न काढता 'पुस्तकातली नीट पाहा' म्हणायचे, मुलींना एकीकडे घ्यायचे, परीक्षेला कोणता प्रश्न येतो तेवढा सांगायचा आणि घंटा वाजेपर्यंत पुढच्या धड्यावर पोचायचे. शिवाय हे सगळे दहावीत, म्हणजे वर्गातल्या बहुतेक मुलींना पाळी येऊन तीन-चार वर्षे झाल्यावर.

ज्या शाळांत एखादी संस्था येऊन सत्र घेते, तिथे प्रश्नपेटी ठेवण्याची पद्धत आहे. वहीचे पान फाडून, नाव न लिहिता, प्रश्न आत टाकायचा. या चिठ्ठ्या एकदा वाचाव्यात. हस्तमैथुनाने उंची खुंटते का, चुंबनाने दिवस जातात का, माझे एक स्तन लहान आहे ते ठीक होईल का, मला मुलगे आवडतात हा आजार आहे का. आणि मध्येच एखादी अशी, की काका अंगाला हात लावतात, कोणाला सांगू. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कित्येकांनी डाव्या हाताने लिहिलेले असते. मुले निनावीपणाची किती काळजी घेतात हे ज्याला पाहायचे असेल त्याने ते वेडेवाकडे अक्षर पाहावे. पेटीतल्या त्या शेवटच्या चिठ्ठीला उत्तर मिळायचे तर माहिती पुरत नाही, तिच्या मागे उभे राहणारे माणूस लागते. हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

शाळेत बोलता येत नाही म्हणून ॲप काढू, असा एक सोपा विचार सरकारी पातळीवर रुजला आहे. केंद्राने जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये 'साथिया सलाह' नावाचे ॲप काढले. कार्यक्रमाची आखणी खरोखर विचारपूर्वक केलेली आहे: दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी दवाखान्यांत स्वतंत्र सल्लाकेंद्र, समुपदेशक, वस्तीतले समवयस्क मित्र. महाराष्ट्रात या केंद्रांना 'मैत्री' असे सुंदर नाव आहे. आपल्या घरापासून सर्वांत जवळचे 'मैत्री' केंद्र कुठे आहे हे तुमच्या ओळखीतल्या दहावी-बारावीच्या मुलांना विचारून पाहा, म्हणजे नाव आणि सेवा यांच्यातले अंतर कळेल. उपकरणे वाटण्यात आपण मागे नाही. दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना टॅबही दिले होते. वस्तू घेता येते, तिचे उद्घाटन करता येते. समुपदेशकाचे पद भरणे आणि भरलेले ठेवणे हे काम फोटोत येत नाही.

तंत्रज्ञान कोणाच्या हातात आहे, हाही प्रश्न आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या फक्त ३३ टक्के स्त्रियांनी आणि ५७ टक्के पुरुषांनी कधीतरी इंटरनेट वापरल्याचे सांगितले. मुंबईतले चित्र त्याहून बरे असणार. पण इथे वेगळी अडचण आहे, ती जागेची. धारावीत किंवा गोवंडीत दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसे राहतात. सोळा वर्षांच्या मुलीच्या हातात फोन असतो तो बहुधा भावाचा किंवा आईचा, आणि असतो तोही क्लासची सूचना पाहण्यापुरता. तिने त्यावर पांढरे जाण्याबद्दल एक व्हिडिओ पाहिला, की दुसऱ्या दिवशी भावाने यूट्यूब उघडताच तसेच आणखी तीन व्हिडिओ समोर येतात. फोनचा पासवर्ड घरात सगळ्यांना माहीत असतो, आणि नसला तर 'लपवायचे काय आहे' असा सवाल येतो. या मुलीला रंगीत चिन्ह असलेले, दर सकाळी 'आज तुमच्या आरोग्याबद्दल जाणून घ्या' अशी सूचना पाठवणारे ॲप देणे म्हणजे तिला घरच्यांच्या तोंडी देणे आहे.

म्हणून या कामासाठी ॲप हा सहसा सर्वांत वाईट पर्याय असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. उतरवून घ्यावे न लागणारे, खाते न मागणारे, आवाजावर चालणारे आणि मागे खूण न ठेवणारे साधन बरे. एका स्पर्शात पान बदलून हवामान किंवा क्रिकेटचा स्कोअर दाखवणारे बटण घरगुती हिंसाचाराविषयीच्या संकेतस्थळांवर फार वर्षांपासून असते. ते इथे हवेच. साधा फोन तर अजूनही सर्वांत लोकशाहीवादी यंत्र आहे. एचआयव्हीबद्दल १०९७ आणि मुलांच्या संरक्षणासाठी १०९८ हे निःशुल्क क्रमांक साध्या फोनवरून लागतात, त्यांना डेटा लागत नाही. समलिंगी पुरुषांमध्ये आणि तृतीयपंथीयांमध्ये १९९४ पासून काम करणाऱ्या मुंबईच्या हमसफर ट्रस्टने ऑनलाइन संपर्कातून लोकांना एचआयव्हीच्या तपासणीपर्यंत आणण्याचे काम केले आहे. त्यातून शिकण्यासारखे हे, की पडद्यावरचा संवाद तिथे संपत नाही, तो तपासणी केंद्राच्या दारापर्यंत जातो.

आता चॅटबॉटबद्दल. पॉप्युलेशन फाउंडेशन ऑफ इंडिया या संस्थेने 'स्नेहएआय' हा चॅटबॉट काढला, त्यातून तरुणांशी प्रजनन आरोग्याबद्दल आणि ऑनलाइन सुरक्षिततेबद्दल गप्पांच्या ओघात बोलता येते. त्याची भाषा हिंदी-इंग्रजी मिश्र आहे. मराठीत त्या तोडीचे, सर्वांना माहीत असलेले काही नाही. दरम्यान मुले थांबलेली नाहीत, ती सर्वसाधारण कामाच्या एआयला हेच प्रश्न विचारू लागली आहेत. त्यातले बरेच उत्तर बरोबर असते, हे मान्य करायला हवे. कुत्सितपणे हसणाऱ्या दुकानदारापेक्षा किंवा चूर्ण विकणाऱ्या वैदूपेक्षा यंत्र पुष्कळदा बरे बोलते. धोका त्याच्या सुरात आहे. चुकीचे उत्तरही ते बरोबर उत्तराइतक्याच शांतपणे देते आणि विचारणाऱ्या मुलीला दोन्हींत फरक करता येत नाही. 'पाळी चुकली आहे, सहा दिवस झाले' या वाक्यामागे परीक्षेचा ताण असू शकतो, गर्भ असू शकतो, अत्याचारही असू शकतो. अनुभवी परिचारिका इथे आधी दोन प्रश्न विचारते आणि मग बोलते. चॅटबॉटला तेवढे शिकवता येते. मात्र ते शिकवणाऱ्या डॉक्टरांची नावे त्याच्यावर असावीत, उत्तरे कोणी आणि केव्हा तपासली हे लिहिलेले असावे, आणि यंत्राला झेपत नाही तिथे त्याने आपणहून माणसाकडे दुवा द्यावा.

फोनचा खरा उपयोग कुठे आहे ते घड्याळाकडे पाहिले की कळते. तातडीच्या गोळीला ७२ तासांची मुदत आहे. एचआयव्हीचा संसर्ग झाल्याची शक्यता असेल तर प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. शनिवारी रात्री कंडोम फाटला किंवा कोणी जबरदस्ती केली, आणि मुलीने किंवा मुलाने सोमवारपर्यंत कोणाला सांगावे याचा विचार केला, तर मुदतीचा निम्मा भाग झोपेविना विचार करण्यातच जातो. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तातडीने आणि विनामूल्य उपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि बालकाच्या बाबतीत 'आधी पोलिसांचा कागद आणा' असे डॉक्टरला म्हणता येत नाही. हे शहरातल्या किती सतरा वर्षांच्या मुलांना ठाऊक असेल? इथे फोन रविवारी पहाटे तीन वाजता सांगू शकतो की आत्ता कोणत्या रुग्णालयात जायचे, कोणत्या दाराने, काय म्हणायचे आणि कोणत्या कागदाची गरज नाही. वर्षभर आरोग्यविषयक सुविचार पाठवण्यापेक्षा ही एक रात्र सांभाळणारी यंत्रणा मला जास्त मोलाची वाटते.

परंतु अशी यंत्रणा उभी करायला गेले की कायदा दोन बाजूंनी आडवा येतो. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याने संमतीचे वय सोळावरून अठरा झाले. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीचे आणि तिच्याच वर्गातल्या मुलाचे परस्परसंमतीचे संबंधही कायद्याच्या लेखी गुन्हा आहेत, आणि कलम १९ प्रमाणे गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणाही व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे भाग आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हेल्पलाइनवर बसलेली समुपदेशिका ही 'कोणीही व्यक्ती' असतेच. कायद्याचा हेतू मुलांचे शोषण थांबवण्याचा आहे आणि शोषणाच्या प्रकरणांत तो हवाच. पण त्याच दोरीने प्रेमात पडलेली दोन मुलेही बांधली जातात आणि परिणामी ती डॉक्टरपाशी न जाता भोंदूपाशी जातात. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात यावर थोडी वाट काढली: अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने किंवा तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. ही सवलत गर्भपातापुरती आहे. गर्भ राहू नये म्हणून सल्ला मागणाऱ्या मुलीला ती लागू नाही, यातली विसंगती कोणाच्याही लक्षात यावी.

दुसरी बाजू २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची. अठरा वर्षांखालील प्रत्येक जण त्यात बालक आहे आणि त्याची वैयक्तिक माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची अट आहे. मुलांचा माग काढू नये, त्यांना नेम धरून जाहिराती दाखवू नयेत, ही त्याच कलमातली तरतूद उत्तम आहे. चूर्णवाल्यांना आवरायला ती उपयोगी पडेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत रुग्णालये, आरोग्यसेवक आणि शिक्षणसंस्था यांना मर्यादित सवलतीही आहेत. पण फक्त माहिती आणि सल्ला देणारी एखादी स्वयंसेवी संस्था या चौकटीत कुठे बसते? पाळीबद्दल विचारणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला उत्तर देण्याआधी तिच्या वडिलांच्या फोनवर ओटीपी पाठवायचा, हे ज्या समितीला व्यवहार्य वाटते, तिच्या सदस्यांनी आपले सोळावे वर्ष जरा आठवून पाहावे.

या दोन्ही अडचणींतून बऱ्याच अंशी सुटण्याचा मार्ग तांत्रिकच आहे: विचारायचेच नाही. नाव, वय, शाळा, क्रमांक यांपैकी काहीही न मागता उत्तर देता येत असेल तर ते मागू नये. जी माहिती साठवलीच नाही ती गळत नाही, विकली जात नाही आणि कोणाला कळवण्याचा प्रसंगही सहसा येत नाही. जिथे मूल स्वतःहून अत्याचाराबद्दल सांगू लागते, तिथे मात्र गुप्ततेची मर्यादा त्याला आधीच, सोप्या शब्दांत सांगितलेली असावी. 'इथपर्यंतचे माझ्याकडे राहील, यापुढचे मला कळवावे लागेल, ते कोणाला आणि त्यानंतर काय होते ते असे.' विश्वासघात टाळायचा तर हे संभाषणाच्या सुरुवातीला सांगितले पाहिजे, शेवटी नव्हे. काही जण यावर म्हणतील की असे सांगितले तर मूल पुढे बोलणारच नाही. काही मुले त्या वेळी बोलणार नाहीत हे खरे आहे, पण दुसऱ्यांदा फोन करायची वाट त्यांच्यासाठी उघडी राहते.

ओळख न घेता मदत करता येते याचे एक चांगले उदाहरण आपल्यासमोर आहे. नग्न छायाचित्र पसरवण्याची धमकी देऊन पैसे उकळणे हा आता किशोरांच्या लैंगिक आरोग्याचाच भाग झाला आहे. त्यात मुलगेही मोठ्या संख्येने सापडतात. एका अमेरिकी संस्थेने चालवलेल्या 'टेक इट डाउन' या सेवेत मूल आपले छायाचित्र कोणालाही पाठवत नाही. त्याच्याच फोनवर त्या छायाचित्राचा एक आकडी ठसा तयार होतो, फक्त तो ठसा पुढे जातो आणि सहभागी कंपन्या आपल्या व्यासपीठावर जुळणारे छायाचित्र शोधून काढून टाकतात. आपल्याकडे १९३० हा सायबर गुन्ह्यांचा क्रमांक आहे, आणि २०२१ च्या नियमांनी असे छायाचित्र तक्रारीनंतर २४ तासांत हटवण्याची मुदत कंपन्यांना घालून दिली होती. तरी मुले तक्रार करत नाहीत, कारण त्यांना गुन्हेगाराइतकीच भीती घरी फोन काढून घेतला जाण्याची वाटते.

पालकांच्या विरोधाकडे मी तुच्छतेने पाहत नाही. नळावर, नाक्यावर आणि जातीच्या व्हॉट्सॲप गटात मुलीच्या नावाची चर्चा होण्याची भीती ज्यांना रोज वाटते, त्यांना लैंगिक शिक्षण हे संकटाला दिलेले निमंत्रण वाटू शकते. मात्र भीती खरी असली तरी निष्कर्ष खरा ठरत नाही. युनेस्कोने २०१८ मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत जगभरच्या अभ्यासांचा आढावा आहे, आणि त्यानुसार अशा शिक्षणाने मुलांचे लैंगिक व्यवहार वाढत नाहीत. बंदीचा अनुभव तर आपण घेतलाच आहे. ३१ जुलै २०१५ रोजी केंद्राने ८५७ अश्लील संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला आणि काही दिवसांतच तो बराचसा मागे घेतला. अश्लील चित्रफितींनी भरलेली जागा आदेशाने रिकामी होत नाही. तिथे दुसरे काही ठेवावे लागते. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२४ मध्ये बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफिती जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवताना त्याच निकालात सर्वंकष लैंगिक शिक्षणाची गरज सांगितली, हे विरोधकांनी वाचावे.

महापालिकेपाशी या कामाला लागणारे जवळजवळ सगळे आहे. आठ भाषांतल्या शाळा आहेत, केईएम, सायन, नायर, कूपर ही रुग्णालये आहेत, वस्त्यांमध्ये संध्याकाळीही चालणारे 'आपला दवाखाना' आहेत, मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्था आहे, आणि नागरी सेवांसाठी २०२२ पासून व्हॉट्सॲपवर चॅटबॉटही आहे. त्याच चॅटबॉटला ही सेवा जोडण्याचा मोह टाळावा. पाणीपट्टीची तक्रार जिथे घरच्या क्रमांकावरून होते तिथे मुलगी आपला प्रश्न विचारणार नाही. स्वतंत्र, खाते नसलेली, मराठी-हिंदी-उर्दूत बोलणारी आवाजी सेवा असावी. तिच्यावरच्या उत्तरांखाली पालिका रुग्णालयातल्या स्त्रीरोग, त्वचारोग आणि मानसोपचार विभागांतल्या डॉक्टरांची नावे असावीत. तिने दिलेला चार अंकी सांकेतिक क्रमांक सांगितल्यावर दवाखान्यात 'काय झाले' हे रांगेत सर्वांदेखत विचारले जाऊ नये आणि केसपेपरवर आधार किंवा 'आभा' हा आरोग्य-ओळख क्रमांक मागू नये. सुरुवात धारावीचा जी-उत्तर आणि गोवंडीचा एम-पूर्व अशा दोन वॉर्डांतून करता येईल. वर्षअखेरीस आरोग्य खात्याने हिशेब द्यावा तो किती जणांनी सेवा उघडली याचा नव्हे, तर किती सांकेतिक क्रमांक दवाखान्यापर्यंत पोचले आणि त्यांतले किती परत पाठवले गेले याचा. समुपदेशकांची रिकामी पदे भरण्याची तरतूद त्याच अर्थसंकल्पात, सेवेच्या खर्चाच्या आधीच्या ओळीत, दिसली पाहिजे.